शिस्त आणि शफकत

हिवरखेडसारख्या गावात अकरावीतला मुलगा वर्गात वारंवार भडकू लागला किंवा अबोल झाला, की आपण त्याला बेअदब ठरवून मोकळे होतो. हजरत अनस (रजि.) वयाच्या १० ते २० वर्षांपर्यंत प्रेषितांच्या (स.) सेवेत होते, त्यांना कधी ‘उफ्’ही ऐकावे लागले नाही. मग जाब विचारायचाच नाही का? अवश्य विचारावा; पण ज्याला स्वतःला सावरता येत नाही, त्याला आधी आधार देणे हाच न्याय. कुवतीपलीकडचा भार अल्लाहही टाकत नाही, मग आपण का टाकावा? दुआ करा, शिक्षकांना भेटा, ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला घ्या. उपचार घेणे हीदेखील सुन्नतच आहे.