पंख्याची घरघर

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 47 अंशांपलीकडे जातो आणि कोळशाची धूळ बंद घरातही शिरते. गेल्या मे महिन्यात आमच्या कार्यालयातील संगणकाचा पंखा इतका घरघरू लागला की, बाप्तिस्म्याची नोंद करणेही नकोसे झाले. दूरध्वनीवरून तंत्रज्ञाने विचारले, "फादर, आतली धूळ साफ केलीत का?" आम्ही म्हणालो, "हो." केली नव्हती. त्याच्या ठरावीक प्रश्नांना आम्ही कंटाळलो होतो, एवढेच. (पापनिवेदनास येणारे आमचे ठरावीक प्रश्न कसे सोसतात, देव जाणे!)

संत ऑगस्टीन यांनी इ. स. 395च्या सुमारास असत्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी असत्याचे आठ प्रकार सांगितले. कोणाचेही नुकसान न करता दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे असत्यही त्यांत आहे, आणि त्यालाही त्यांनी मोकळीक दिलेली नाही. आमचे असत्य तर कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. त्यापायी नागपूरहून एक तरुण दीडशे किलोमीटर उन्हातून आला. त्याने झाकण उघडले, ब्रशने काळा थर काढला. धुळीमुळे उष्णता कोंडते, म्हणून पंखा अधिक वेगाने फिरतो, एवढेच सांगितले. घरघर थांबली. आम्हांस त्याने एका शब्दानेही विचारले नाही.

अहवालात मात्र कारण म्हणून त्याने लिहिले : 'पंख्यात दोष'.

आम्ही त्याखाली सही केली.