यंत्राचा ताल आणि भजनाची लय

यंत्राने धरलेला ताल भजनाला चालतो काय? वाचकहो, हा प्रश्न आता टाळून भागणार नाही. पखवाजी मिळत नाही म्हणून मोबाईलवर ठेका लावून हरिपाठ म्हणणारी मंडळी आहेत. त्यांना एकदम दोष देणे बरे नव्हे. हरिपाठ बंद पडण्यापेक्षा झालेला चांगला. पण एवढ्याने विचार संपत नाही.

कोणी म्हणेल, वाद्य ते वाद्य. लाकडाचे काय नि विजेचे काय! पेटी तरी आपली कुठे होती? शंका रास्त आहे. पेटीचे मूळ युरोपात. तिचे सूर जागच्या जागी ठरलेले, दोन सुरांमधली वाट बंद. म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बाहेर काढले, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल आले. तरी देवळातून पेटी गेली नाही. कारण तिच्या भात्यावर माणसाचा हात होता; गाणारा थांबला की तीही थांबे. तेव्हा परकेपणा हा दोष नव्हे. वाद्य गाणाऱ्याचे ऐकते की नाही, एवढेच पाहायचे.

आता संगणकी वाद्यांकडे वळू. १९८३ साली अमेरिकेतल्या आणि जपानातल्या वाद्य-कारखानदारांनी मिळून ‘मिडी’ नावाची एक बोली ठरवली. एका वाद्याने दुसऱ्याशी बोलायचे ते याच बोलीत. तिच्यात सुरांना शून्यापासून १२७ पर्यंत आकडे दिले. पियानोच्या पट्ट्यांना हा हिशेब सोयीचा. मींड घ्यायची तर निराळी युक्ती, आणि तीही एका वाहिनीवरचे सगळे सूर एकदम ओढणारी. एकेक सूर वेगळा वळवण्याचा सर्वमान्य नियम व्हायला २०१८ साल उजाडले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. पण पुढ्यात जे गाणे होते त्याचे माप घेतले आणि तेच जगाला लावले. अरबी संगीतात ‘रास्त’ नावाचा मकाम आहे. त्याचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मध्ये कुठेतरी पडतो. बारा पट्ट्यांत तो सापडतच नाही. त्या मुलखासाठी पुढे बटण दाबून सूर पाव स्वराने उतरवणारे कीबोर्ड मुद्दाम करावे लागले. आपल्याकडे बंगळूरचे जी. राज नारायण हे स्वतः बासरी वाजवणारे इंजिनिअर. त्यांनी १९७९ साली विजेचा तंबोरा केला. गाणाऱ्याला काय लागते हे त्यांना दुसऱ्याकडून कळून घ्यावे लागले नाही.

यातून आम्हांस एक नीती दिसते. घडवणारा जे वाद्यात घालत नाही, ते हळूहळू गाण्यातूनही जाते. म्हणून लोकांच्या गाण्याचे वाद्य करायचे तर आधी त्या लोकांत बसून ऐकले पाहिजे.

आपल्या भजनाचेच बघा. ठेका आठ मात्रांचा. तो यंत्रात घालणे सोपे. पण भजनात लय एका जागी राहते काय? चाल संथ सुरू होते, टाळकरी ती उचलतात, पखवाजी त्यांच्याकडे बघत हात वाढवतो, वीणेकऱ्याने खूण केली की सगळे उतरतात. ती लय जमलेल्या सगळ्यांची असते. यंत्राची लय आकड्यावर ठरते. आकडा एकदा लावला की पन्नास माणसांनी त्याच्यामागे धावायचे! म्हातारा टाळकरी मागे पडला तर पखवाजी त्याला सांभाळून घेतो. यंत्राला तो दिसतच नाही.

मग उपाय काय? टाळांचा आवाज ऐकून लय ओळखणे संगणकाला आज जमते. तेव्हा घडवणाऱ्याने टाळांच्या मागे चालणारे यंत्र करावे. निदान पायाने लय चढवता-उतरवता येईल असे करावे. आणि आपणही मर्यादा पाळावी. यंत्र तंबोऱ्यासारखे मागे बसो, शिकणाऱ्याच्या सरावाला लागो. पण पखवाजाची जागा त्याने कायमची घेतली तर गावात पखवाज शिकेल कोण? आजचे भजन तरले आणि उद्याचा पखवाजी बुडाला, हा व्यवहार तोट्याचा.

म्हणून मंडळांना आमचे एवढेच सांगणे : ज्या महिन्यात यंत्र आणाल, त्याच महिन्यात गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला पखवाजापुढे बसवा.