शेवटची दावण

माझ्या गोठ्यात तीन दावणी. पहिल्या दोन दुधावरच्या गाईंच्या, तिसरी भिंतीकडची, कालवडींची. पेंडीची पाटी घेऊन मी पहिल्या दावणीपासून निघायचो आणि तिसरीला पोचेस्तोवर पाटीत उरायची ती झटकण. वीस वर्षं हे असंच चाललं. याला मी हिशेब म्हणत आलो.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या कन्हेरीत उसाच्या वाड्याला तोटा नसतो. तोडकरी बायकांकडून पेंढ्या घ्यायच्या, कुट्टी करायची आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तिसऱ्या दावणीला तेवढंच टाकायचं. वर मूठभर गव्हाचा भुसा. जी दूध देत नाही तिच्यावर खर्च कशाला, असं मी तोंडानं कधी बोललो नाही. हाताला ते आपसूक ठाऊक होतं.

मागच्या माघात चौदा महिन्यांची एक कालवड उठताना पुढच्या गुडघ्यांवर रांगायला लागली. गुडघे गाठीसारखे फुगलेले, पाठीला कमान. त्याआधी महिनाभर ती भिंतीचा गिलावा चाटत होती. माझी एक कोल्हापुरी चप्पल तिनं टाचेपर्यंत चघळली, तेव्हा घरातले सगळे हसले. मीही हसलो, आणि चप्पल उंचावर ठेवायला लागलो.

जनावर असं चाटायला, चघळायला लागलं की ते खनिज मागत असतं, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. वाड्यात ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडावी, हे मी किती मेळाव्यांत ऐकलं असेल. चुना घरात होता. खनिज मिश्रणाची पिशवी गोठ्यातच खुंटीला टांगलेली होती. 20 टक्के कॅल्शियम, 12 टक्के फॉस्फरस, सगळं तिच्यावर छापलेलं. वाढत्या कालवडीला दिवसाला 50 ग्रॅम पुरतं. पण ती पिशवी दुधावरच्यांची होती.

कालवडीला बारामतीला दवाखान्यात न्यायचं तर टेम्पो हवा, म्हणून इंदापूरकडच्या पुतण्याच्या शेडवर गेलो. तो डुकरं पाळतो, पांढरी यॉर्कशायर. मी माळकरी. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं तेव्हा दरवर्षी हात जोडून उभा असतो, शनिवारी गावच्या मारुतीला तेल घालतो. पुतण्यानं शेड टाकली त्याला दोन वर्षं झाली, तिकडं मी पाऊल टाकलं नव्हतं. भावकीत त्याची टिंगल करण्यात मीच पुढं होतो.

तो वजनकाट्यावर खाद्य मोजत होता. मक्याचा भरडा, सोयापेंड, मग डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, चुनखडीची भुकटी आणि शेवटी चिमटीनं घ्यावी तशी कसलीशी पावडर. फायटेज म्हणाला. मक्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट म्हणून कुलपात असतो, डुकराला ते कुलूप उघडता येत नाही, ही पावडर उघडते. "काका, तुमच्या गाईच्या पोटातले जंतू हे काम फुकट करतात," तो हसून म्हणाला. क्विंटलभर मक्यात कॅल्शियम जेमतेम 20-30 ग्रॅम, म्हणून चुनखडी. तीही बेतानं, कारण जास्त झाली तर फॉस्फरस अंगी लागत नाही. यातलं काही चुकलं तर अंगानं भरलेलं डुकर पायांत फतकल मारून बसतं, उठत नाही.

सहा-सात महिन्यांत कापायला जाणारं जनावर, आणि त्याच्या हाडांचा हा ग्रॅमवारी विचार. माझी तर दहा वर्षं गोठ्यात राहायची, पोळ्याला शिंगं रंगवून पुरणपोळी खायची.

परतताना मनाला एक पळवाट सापडली होती: हा तरी काय दयेपोटी करतो? लंगडं डुकर खात नाही, वजन घेत नाही, व्यापारी नेत नाही. पैशासाठीच तर करतो. खरं आहे. पण मग माझं काय? उपासमारीत वाढलेली कालवड उशिरा माजावर येते, म्हणजे एका वेताचं दूध बुडतं. वीस वर्षांत एकदाही मी ते मांडलं नाही. दया नव्हतीच, आणि ज्याला हिशेब म्हणत होतो तो हिशेबसुद्धा नव्हता. समोर चरवी भरून दिसेल त्यालाच द्यायचं, एवढी हाताची सवय होती.

कालवड आता उठते, चालते. सूज उतरली, पण डावा पाय आत वळला तो वळलाच. हाड वाढायच्या दिवसांत जे राहिलं ते आता पिशवी उपडी करून भरून येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. पाटी मी आता भिंतीकडून सुरू करतो. पहिल्या दिवशी पुढच्या गाईंनी हंबरून गोठा डोक्यावर घेतला.

टेम्पोचं भाडं पुतण्यानं घेतलं नाही. त्या दिवशी त्यानं चहा टाकला होता. मला उपास आहे, असं मी सांगितलं. वार मंगळवार होता, आणि मी मंगळवार करत नाही.