कुतूहलाचे माप

काही वर्षांपूर्वी अमरावती-अकोला मार्गावरील एका गावी, चर्चच्या आवारात आम्ही सायंकाळची अभ्यासिका चालवीत होतो. एकदा गंमत म्हणून मुलांना देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचा शोध दाखविला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि उत्तरावर तेच पुन्हा करावे. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४ येते. कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत मुक्काम हाच.

मुले हसतखेळत घरी गेली. गणितात जेमतेम पास होणारा सातवीतला एक मुलगा तीन दिवसांनी अख्खी वही भरून घेऊन आला. “फादर, दर खेपी हाच आकडा काहून येते?” दुसऱ्या दिवशी चाचणी होती. “हे परीक्षेत नाही रे बाबा,” आम्ही म्हणालो. त्याने वही मिटली. पुन्हा त्याने आम्हांस काही विचारले नाही. पुढे त्याचे गुण थोडे वाढले आणि आम्ही समाधान मानले!

‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण मुलांना वजाबाकी, भागाकार येतो का, हे पाहत आले आहे. ते आवश्यकच आहे. पण कुतूहलाचेही असेच माप घ्यावे काय? ‘तुला गणित आवडते का?’ या प्रश्नाला गुण मिळणार म्हटल्यावर कोणते लेकरू ‘नाही’ लिहील? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ज्ञानाची सरळ ओढ आणि मिरविण्यासाठी भरकटलेली ओढ यांत भेद केला. पहिली सद्गुण, दुसरी दोष. गुणांचा तराजू पहिलीला दुसरीकडे ढकलतो.

म्हणून त्याकडे पाहूच नये काय? तोही अन्यायच. कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगाने त्यांना ओळखले. कोणी न सांगता मूल एखाद्या प्रश्नापाशी किती वेळ बसते, दुसरा प्रश्न घेऊन परत येते का, हे पालकांस व शिक्षकांस सहज दिसते. मात्र ते परत आले नाही, तर उणेपण त्याचे की आपले, हेही तपासावे.

६१७४ च का, हे त्या सायंकाळी आम्हांसही ठाऊक नव्हते. तसे सांगून त्याच्या वहीशेजारी बसायला हवे होते.