उंदीर, अहिंसा आणि मोरीचं भोक



आजचं वाचन : गीता, अध्याय 16, श्लोक 2 आणि 3. दैवी संपत्तीची यादी. दुसरा श्लोक अहिंसेने सुरू होतो, त्यातच पुढे भूतदया येते आणि तिसऱ्यात शौच, म्हणजे स्वच्छता. वाचायला किती सोपं! पण घरात उंदीर असतील तर?

कर्नाळ्याजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. पाऊस लागला की उंदीर मोरीतून, कौलांच्या फटीतून आत येतात. आई म्हणते, "अरे, बाप्पाचं वाहन ते, मारू नकोस." काका म्हणतात, "लेप्टो झाला म्हणजे? औषध टाक सरळ." दोघांचंही खरं आहे. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो, आणि घरातल्या लहान मुलाचं रक्षण हाही धर्मच.

पण औषधाचा हिशोब उंदरापाशी संपत नाही. बऱ्याच औषधांनी रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. तोवर तो सुस्त होऊन बाहेर फिरतो, घुबडाच्या तोंडी लागतो आणि विष घुबडाच्या पोटात जातं. कर्नाळा 1968 पासून पक्षी अभयारण्य आहे. मग पिंजऱ्यात पकडून जंगलात सोडावं? घरातले उंदीर पक्ष्यांची अंडीही खातात. आपली दया, दुसऱ्याच्या घरट्यावर संकट.

आपल्या शास्त्रांना गृहस्थाची अडचण ठाऊक होती. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी नकळत जीव मरतात, त्यांना 'पंचसूना' म्हटलंय. संसारात शून्य हिंसा जमत नाही, हे तिथे मान्यच आहे. पण ही सूट न टळणाऱ्या हिंसेची. टाळता येणारी हिंसा तिच्या नावावर खपवता येत नाही.

आणि उंदरांची बरीचशी हिंसा टाळता येते. पेन्सिल जाईल एवढं भोक लहान उंदराला पुरतं. भोकात कागदाचा बोळा कोंबा. चार-पाच दिवस तो हलला नाही, तर आत-बाहेर कोणी करत नाही. मग तारेची घासणी कोंबून सिमेंट लावा. मोरीला बारीक लोखंडी जाळी, धान्याला झाकणाचे डबे, रात्री खरकटं नाही. आम्ही इंजिनिअर रोज लॉग साफ करत बसत नाही, बगचं मूळ शोधतो. तसंच हे.

म्हणून मला वाटतं, ही दोन मूल्यं एकाच यादीत उगाच नाहीत. शौच ही अहिंसेची आधीची पायरी. भोक बुजवायचा आळस केला, की पुढे विषाची पुडी 'नाइलाज' वाटायला लागते.

एवढं करूनही मारायची वेळ आली तर? येऊ शकते. तेव्हा तिसऱ्याच श्लोकातला 'अद्रोह' आठवावा : झटपट, तडफडवणाऱ्या गोंदाच्या पाटीशिवाय, आणि मनात सूड न धरता.

आजचा संकल्प : झोपण्याआधी ओटा पुसा, आणि घरातलं एक भोक शोधा.

राम कृष्ण हरी!