इत्तेफाक

उर्दूच्या तासाला 'इत्तेफाक' हा शब्द आला की कागलची आमची मुले पटकन 'योगायोग' म्हणतात. सिनेमाने एवढे शिकवलेले असते. उर्दूत त्याचा दुसरा अर्थ आहे : एकमत, सहमती. यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९) पुन्हा पाहताना आम्हाला हा दुसरा अर्थच अधिक छळत राहिला.

बी. आर. चोप्रांनी थोड्या पैशांत, सुमारे महिनाभरात काढलेला हा चित्रपट 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून घेतलेला. एक बंगला, एक पावसाळी रात्र, गाणे एकही नाही. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला चित्रकार (राजेश खन्ना) एका परक्या स्त्रीच्या (नंदा) घरात शिरतो. तिथल्या स्नानगृहात त्याला प्रेत दिसते. पुन्हा पाहतो तर नाही! ती म्हणते, तुला भास झाला. आणि आम्हा प्रेक्षकांचेही तिच्याशी इत्तेफाक होते. प्रेत खरेच होते. त्या खुनाशी तिचा आणि एका पोलीस अधिकाऱ्याचा संबंध होता, हे शेवटी कळते. पत्नीचा खूनही चित्रकाराने केलेला नसतो.

पुरावा दोघांकडेही नव्हता. एकीकडे घरंदाज स्त्री, दुसरीकडे वेडा. साक्ष तोलण्याआधी आपण साक्षीदार तोलून मोकळे होतो. कोणी म्हणेल, व्यवहारात दुसरे काय करणार? दहादा खोटे बोललेल्यावर अकराव्यांदा विश्वास कसा ठेवायचा? शिक्षक म्हणून ही अडचण आम्हाला मान्य आहे. पण पूर्वीचे वर्तन चौकशी कुठून सुरू करावी हे सांगू शकते. ती कुठे संपवावी हे नव्हे.

आम्ही मात्र तिथेच संपवली होती. वर्गात एका मुलाचे सहलीचे दोनशे रुपये हरवले. पूर्वी पेन चोरताना सापडलेल्या मुलाला आम्ही सर्वांसमोर उभे केले. तो म्हणत होता, "सर, उसने किताब के कव्हर में रख्या था, मैं देख्या." आम्ही ऐकले नाही. वर्गानेही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पैसे भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरातच निघाले.

त्याला व्हरांड्यात बाजूला घेऊन आम्ही "चूक झाली" म्हटले. "जाने दो सर," म्हणून तो दप्तर सावरत गैबी चौकाकडे निघून गेला. बेचाळीस मुलांसमोर आरोप केला होता; माफी मागताना तिथे कोणीच नव्हते. वर्गासमोर आम्ही आजवर त्याबद्दल काही बोललेलो नाही.