‘तुझ्याजवळ’ या शब्दाचा अर्थ

पवित्र कुरआनच्या सतराव्या अध्यायात, सूरह बनी इस्राईलमध्ये, माता-पित्यांसमोर ‘उफ्’देखील न उच्चारण्याची आज्ञा आहे, हे आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. त्याच आयतीतील ‘इन्दक’ या शब्दाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्याचा अर्थ ‘तुझ्याजवळ’. माता-पिता वार्धक्याला पोहोचतील ते मुलाजवळ, असे ही आयत गृहीत धरते. मग वृद्धाश्रमाचे आणि शुश्रूषा केंद्राचे काय?

घर लहान आहे, नोकरी दूर आहे, सुनेला जमत नाही, एवढ्यावर त्यांना बाहेर ठेवणे या शब्दाशी विसंगत आहे, असे माझे मत आहे. (सुनेचे नाव पुढे करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, ही सेवा शरीअतने मुलावर सोपवली आहे. सून करते ते तिचे औदार्य.) परंतु स्मृतिभ्रंश झालेली आई मध्यरात्री दार उघडून रस्त्यावर जात असेल, किंवा पक्षाघाताने खिळलेल्या वडिलांची कूस दर दोन तासांनी न बदलल्यास पाठीला व्रण पडत असतील, तर प्रश्न निराळा होतो. शक्तीपलीकडचा भार अल्लाह कोणावर टाकत नाही, हे सूरह बकरहच्या अखेरीस आलेले आश्वासन अशाच मुलांसाठीही आहे.

2007 च्या केंद्रीय कायद्याने वृद्ध माता-पित्यांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला. न्यायाधिकरण निर्वाहभत्ता मिळवून देऊ शकते. ‘इन्दक’ त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही. म्हणून केंद्र निवडताना आधी अंतर पाहावे. शहराबाहेरच्या प्रशस्त, हिरव्यागार जागेपेक्षा आपल्या रोजच्या वाटेवरचे साधे केंद्र बरे. न कळवता आलेल्या मुलाला दाराशीच थोपवणाऱ्या संस्थेपासून सावध राहावे. आईला स्नान घालणारी स्त्रीच असेल ना, अन्न हलाल असेल ना, पलंग किब्ल्याकडे वळवता येईल का, पाणी सोसत नसल्यास तयम्मुमची सोय कोण करील, हेही विचारावे.

आणि ज्यांना तेथे राहायचे, त्यांना कोणी विचारले काय? दवाखान्यात नेतो म्हणून सांगून केंद्रात ठेवून येणारी मुले आहेत. जेथे ‘उफ्’ निषिद्ध, तेथे त्याहून क्लेशकारक वर्तन अधिकच निषिद्ध, असा नियम फिक्हच्या विद्वानांनी याच आयतीवरून काढला आहे. ही फसवणूक त्यात मोडते. आईने होकार दिला, तरी तो मनापासून दिला की मुलांची अडचण पाहून, हे ओळखण्यासाठी मुलाला काही संध्याकाळी तिच्या शेजारी निवांत बसावे लागेल.